सुर्खाबचे पर

घरात कुणी जरा भाव खाल्ला की आमची अम्मी म्हणायची, "तेरेकु क्या सुर्खाब के पर लगे क्या?" मराठवाड्यातल्या कितीतरी मुसलमान घरांत हे वाक्य आहे. पण सुर्खाब हा खरोखरचा पक्षी आहे, हे माझ्या उर्दू सातवीत एकालाही माहीत नव्हतं. मराठीच्या तासाला तोच 'चक्रवाक' होऊन येतो. अर्थ : एक पक्षी. झालं! दोन्ही भाषा मीच शिकवतो.

हे नारिंगी-तपकिरी बदक लडाख, तिबेट, मध्य आशियात पिल्लं वाढवतं आणि हिवाळ्यात आपल्याकडे येतं. म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी फजर पढून मोटारसायकल काढली आणि जिंतूर ओलांडून पूर्णेवरच्या येलदरी जलाशयाच्या काठी जाऊन बसलो. बसून राहणं, एवढंच काम. तासाभराने 'आंग, आंग' असा आवाज आला आणि एक जोडी उतरली. बसलेलं हे बदक तसं साधंच दिसतं. पंख उघडले की आत पांढरा, काळा आणि मध्येच चमकणारा हिरवा. अम्मीच्या वाक्यात 'पर'च का, ते तेव्हा कळलं.

जाळं खांद्यावर घेऊन चाललेल्या एकाने हटकलं. कुठले, काय काढता, नाव काय? दाढी, लांब लेन्स आणि धरण एकत्र आले की हे प्रश्न येतातच. त्यासाठी मी खिशात शाळेचं ओळखपत्र ठेवतो, आणि ते ठेवावं लागतं याचा दर वेळी राग येतो. त्या दिवशी ओळखपत्राऐवजी कॅमेऱ्यातला फोटो पुढे केला. "हे व्हय? लाल बदक. औंदा कमी हायत," म्हणत त्याने पलीकडच्या वळणाकडे बोट दाखवलं. तिकडे अकरा होती.

डॉ. सालिम अलींचा जन्म 12 नोव्हेंबरचा, मारुती चितमपल्लींचा 5 नोव्हेंबरचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. शाळांत त्या आठवड्यात भाषणं होतात. मुलांना पाण्यावर न्यावं, असं फारसं कुणाला सुचत नाही.

परतताना जिंतूरजवळ नेमगिरीला थांबलो. लोक इथे जैन गुहामंदिरांसाठी येतात, मी धोंड्यांसाठी. दख्खनचा हा काळा कातळ साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. भेगांतून पाणी शिरतं, कोपरे आधी झिजतात, मग कांद्यासारखे पापुद्रे सुटत मधला गोळा उरतो. कातळ उडून जात नाही, त्यामुळे ऊन कलेपर्यंत निवांत फोटो काढले.

रात्री बदकाच्या फोटोला नाव देताना तिन्ही शब्द टाइप केले : सुर्खाब, चक्रवाक, लाल बदक. कातळाचं फोल्डर अजून उघडायचं आहे.