कव्हरस्लिपच्या कडेला

पावसाळा सरत आला की पॅथॉलॉजिस्ट बाईंकडे बालरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या येऊ लागतात: सकाळी तोंड सुजतं, बीपी वाढलंय, लघवी काळ्या चहासारखी. पायांवर पुळ्यांचे डाग. घशातल्या स्ट्रेप्टोकोकसनंतर मूत्रपिंडाला सूज यायला एक ते तीन आठवडे लागतात, त्वचेवरच्या संसर्गानंतर तीन ते सहा. तोवर घरचे पुळ्या विसरून गेलेले असतात. अशा वेळी एएसओ, म्हणजे रक्तातलं स्ट्रेप्टोकोकसविरुद्धचं प्रतिपिंड, वाढलेला नसला तरी बाई संशय सोडत नाहीत. त्वचेच्या संसर्गात तो पुष्कळदा वाढत नाही. अँटी-डीएनेज बी हे दुसरं प्रतिपिंड वाढतं.

रक्तातलं सी-३ हे प्रथिन कमी आलं की निदानाला जोर येतो. त्यांचं समाधान मात्र लघवीत आरबीसी कास्ट, म्हणजे मूत्रपिंडाच्या नलिकेत तयार झालेला तांबड्या पेशींचा साचा, दिसल्याशिवाय होत नाही. नुसत्या तांबड्या पेशी मूतखड्यातही दिसतात. कास्ट सापडला की रक्त बहुतेक ग्लोमेरुलसमधूनच, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळणीतूनच, आलेलं. अडचण ही, की तो टिकत नाही. नमुना पडून राहिला की विरतो, सेंट्रिफ्यूज जोरात फिरवलं की मोडतो. कंडेन्सर खाली घेऊन उजेड मंद करावा, मग कव्हरस्लिपची कड न् कड पाहावी. कास्ट तिथेच सरकतात. समांतर कडा, नारिंगी झाक, आत खचाखच पेशी, एक टोक तुटलेलं.

यंदा त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू वाढला. मंद उजेडातच नेमकं धूसर दिसतं. हाताखालची मुलगी आता त्यांच्याआधी कास्ट शोधते.

कलेक्शन सेंटरांवर त्यांचा राग आहे. नमुना रात्रीच्या गाडीने शहरात जातो, मशीन पेशींचा आकडा देतं, आणि कास्ट वाटेतच संपलेला असतो. रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली लंडनमध्ये मूत्रपिंडाच्या आजारांवर लिहिलं. त्या काळी लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवत, प्रथिन असलं तर ती गढूळ होई. तपासणी रोग्याच्या खाटेजवळच होई, हे बाई वारंवार सांगतात. स्ट्रेप्टोकोकसनंतरच्या या आजाराच्या साथी मिनेसोटातल्या रेड लेक वस्तीत १९५३ आणि १९६६ साली आल्या. दुसऱ्या साथीत मुलांच्या त्वचेवरच्या फोडांचा संबंध ठळकपणे दिसला. पुळ्यांवर आणि खरजेवर वेळीच औषध देण्याचा आग्रह त्या म्हणूनच धरतात.

‘कास्ट पाहायचा असेल तर बाईंकडेच पाठवा,’ असं गावातले डॉक्टर म्हणतात. ते ऐकायला त्यांना फार आवडतं, आणि त्या हे लपवत नाहीत. स्लाइड आता ती मुलगीच लावते. पण नेफ्रायटिसचा संशय असला, की शेवटची नजर आणि सही त्यांचीच. हे काम मुलीकडे द्यायचं त्यांच्या अजून मनात येत नाही.