पासवर्ड कुणाकडे आहे?

लिनक्सचा विषय काढला की चळवळीतली पोरं पहिल्यांदा विचारतात, "फुकट आहे का?" फुकट आहेच. पण आम्हाला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न: जिथे मालक नाही, पगार नाही, सगळे स्वयंसेवक आहेत, तिथे पुढे काय करायचं हे ठरवतं कोण?

डेबियन हा असा प्रकल्प. इयन मर्डॉक यांनी तो १९९३ मध्ये सुरू केला. १९९८ पासून त्याला लिखित संविधान आहे, आणि ते लोक त्याला संविधानच म्हणतात. नेता दरवर्षी निवडून येतो. त्याचा निर्णय सभासद मतदान करून फिरवू शकतात. मतपत्रिकेवर 'यांपैकी कोणी नाही' हा पर्याय असतो आणि त्याला जो हरवू शकत नाही तो उमेदवार बाद होतो. (आपल्या लोकसभेच्या 'नोटा'ला एवढे दात नाहीत.) २०१९ मध्ये मुदतीत कुणीच अर्ज भरला नाही. प्रकल्प काही बुडाला नाही. संविधानात लिहिल्याप्रमाणे मुदत आठवडाभर वाढली, उमेदवार आले, निवडणूक झाली.

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल इशारा दिला होता. तो आपण दरवर्षी वाचतो आणि दुसऱ्या दिवशी साहेबांच्या गाडीमागे पळतो. साहेब गेले की संघटनेची नोंदणी, बँकेचं खातं, पेजचा पासवर्ड, सगळं घरच्यांकडे जातं.

डेबियनमध्ये भांडणं होत नाहीत असं नाही. संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्राम कोणता असावा, यावर २०१४ मध्ये तिथे रणकंदन झालं. तांत्रिक समितीत मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी ठरलं. नाराज मंडळी बाहेर पडली, सगळा कोड सोबत घेतला (तो हक्क परवान्यानेच दिलेला आहे) आणि देवुआन नावाने वेगळी चूल मांडली. पण "खरं डेबियन आम्हीच" असा दावा त्यांना करता आला नाही, कारण ते नाव आणि प्रकल्पाचा पैसा कुणा व्यक्तीच्या खिशात नसतो. नाव एका सार्वजनिक संस्थेच्या ताब्यात असतं. रिपब्लिकन पक्षाचे गट मोजायला आम्हाला अजून कागद लागतो, आणि त्यातला प्रत्येक गट खरा!

नाव दुसऱ्याच्या हातात गेलं की काय होतं ते सेंटओएसने दाखवलं. २०१४ मध्ये रेड हॅट कंपनीने त्याला पंखाखाली घेतलं. डिसेंबर २०२० मध्ये कंपनीने जाहीर केलं की २०२९ पर्यंत चालणारी आठवी आवृत्ती २०२१ अखेर बंद होईल. वापरणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. देणगीदार, प्रायोजक, निवडणुकीच्या तोंडावर 'मदत' करणारे पक्ष यांच्याबद्दल आपल्या पोरांनी एवढं एक उदाहरण तरी लक्षात ठेवावं.

तरी डेबियनची आरती आम्ही ओवाळणार नाही. तिथे मत फक्त सभासदाला, आणि सभासदत्व कामातून मिळतं. ऐकायला रास्त वाटतं. पण बिनपगारी काम कोण करू शकतं? ज्याच्याकडे रिकामी संध्याकाळ आहे, लॅपटॉप आहे, इंग्रजी आहे. 'जो काम करेल त्याचा शब्द' हे वाक्य आमच्या कानाला 'गुणवत्ता' या शब्दासारखंच वाजतं. मात्र २०१० मध्ये त्यांनी ठराव करून भाषांतर करणाऱ्यांना, लिहिणाऱ्यांना, म्हणजे पॅकेज न बनवणाऱ्यांनाही पूर्ण सभासद म्हणून दार उघडलं. आणि २०२१ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांच्यावरून कडाक्याचा वाद झाला, तेव्हा कुणी कुठे मत दिलं हे जाहीर होण्याची भीती अनेकांना वाटली. २०२२ मध्ये ठरावांवरचं मतदानही गुप्त केलं गेलं. गावात हात वर करून मत देणं म्हणजे काय, हे आपल्या वस्तीला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आमच्या अभ्यासगटाकडे वस्तीतल्या जुन्या पत्रकांच्या, स्मरणिकांच्या स्कॅन केलेल्या फायली आहेत. त्या ज्या खात्यात आहेत त्याचा पासवर्ड आज एकाच कार्यकर्त्याकडे आहे. माणूस सज्जन आहे, प्रश्न त्याचा नाहीच. पुढच्या रविवारच्या बैठकीत आम्ही ठराव मांडतोय: पासवर्ड तिघांकडे, त्यात किमान एक बाई, जबाबदारी एका वर्षाची, मतदान चिठ्ठीने. चिठ्ठीवर 'यांपैकी कोणी नाही' हा रकानाही असेल.