वाघिणीच्या टपावरून

मालगाडीच्या उघड्या वाघिणीत पाय सोडून बसलेला पोरगा पडद्यावर छान दिसतो. मागं उसाचे फड पळतायत, केस उडतायत, पाठीला सॅक, डोळे अर्धवट मिटलेले. जाहिरातीला लागतं ते सगळं या एका चित्रात आहे: वेग, कोवळं वय, मोकळीक, आणि घरी कुणाला विचारून निघाल्याचं कसलंही चिन्ह नाही. मी पुण्या-मुंबईच्या एजन्सींमध्ये जाहिराती लिहितो. सॅक, बूट, जीन्स, थंड पेय, काहीही विकायला आलं की दोन-तीन बैठकांत कुणीतरी हे चित्र टेबलावर टाकतंच. मी भिलवडीचा, पुणे-मिरज लाइनीच्या कडेला वाढलेला, आणि चुलते मिरजेला मालगाडीवर गार्ड होते हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक. त्यामुळं माना माझ्याकडं वळतात. माझं म्हणणं ठरलेलं आहे. मालगाडी जाहिरातीत जरूर यावी, तिच्यावर चढणारा पोरगा येऊ नये. मात्र त्याचं कारण म्हणून ‘सेफ्टी’ एवढा एक शब्द टाकून मला मोकळं होता येत नाही.

मुळात हे चित्र आलंय अमेरिकेतून. तिकडं यादवी युद्धानंतर, आणि पुन्हा १९३० च्या मंदीत, काम शोधणारी माणसं मालगाड्यांवर चढून राज्यंच्या राज्यं पालथी घालत. जॅक लंडन स्वतः तसा हिंडला आणि १९०७ मध्ये त्याचं ‘द रोड’ आलं. त्यात भीक मागणं आहे, पोलिसांचा ससेमिरा आहे, तुरुंगही आहे. नंतरच्यांनी त्यातला वारा तेवढा उचलला. अलीकडं माइक ब्रोडी नावाच्या पोरानं मालगाड्यांवरून भटकत सोबत्यांचे फोटो काढले. २०१३ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं आणि ते आमच्या धंद्यात फार फिरलं. ग्राहकाला फिल्मचा रंग-ढंग दाखवण्यासाठी आम्ही चित्रांचा जो फलक करतो, त्यावर त्यातलं एखादं हमखास असतं. पुढं ब्रोडी डिझेल इंजिनांचं काम शिकून मेकॅनिक झाला. ते काही फलकावर येत नाही. त्याच खंडात मेक्सिकोतून उत्तरेकडं जाणाऱ्या मालगाड्यांच्या टपावर बसून स्थलांतरित जातात. त्या गाडीला ते ‘ला बेस्तिया’, म्हणजे जनावर म्हणतात. तिच्याखाली हातपाय गेलेल्यांची संख्या मोठी आहे. तोही फोटो फलकावर कधी नसतो.

आमच्या लाइनीवर या छंदाला परंपरा नाही. जागा मात्र आहेत. पुण्याहून निघालं की शिंदवण्याचा घाट, पुढं आदर्कीचा. भरलेली मालगाडी चढाला अशी रेंगाळते की माणसानं शेजारून चालत जावं. लोणंद, वाठार, मसूर, ताकारी, जिथं बाजूची लाइन मिळेल तिथं तिला बाजूला घालतात, आणि प्रवासी गाड्या पुढं गेल्याशिवाय तिला सिग्नल मिळत नाही. एकेरी लाइनीच्या काळात तर तासन्‌तास. चुलते सांगायचे, अशा थांबलेल्या गाडीवर चढणारा माणूस भेटला तर तो ऊसतोडीचा, नाहीतर आजारी बायकोला मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात भेटायला निघालेला आणि शेवटची पॅसेंजर चुकलेला. वारा खायला चढलेला त्यांना उभ्या नोकरीत कुणी भेटला नाही. आणि गरजेनं रुळांवर आलेल्या माणसाचं काय होऊ शकतं, हे महाराष्ट्रानं ८ मे २०२० च्या पहाटे पाहिलं. टाळेबंदीत जालन्याहून पायी गावाकडं निघालेले मजूर करमाडजवळ रुळांवरच झोपले होते. मालगाडी आली. चालकानं हॉर्न दिला, ब्रेक लावले. सोळा जण गेले. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे फोटो त्या दिवशी सगळ्यांनी बघितले.

भरलेली मालगाडी काही हजार टनांची. ब्रेक लावल्यावर ती थांबायला किलोमीटरभर तरी लागतो. हे चालकाला माहीत असतं, चढणाऱ्याला नसतं.

आता आमच्या बाजूनं ते चित्र कसं बनतं ते सांगतो. रेल्वेची रीतसर परवानगी काढायची, भाडं भरायचं, अनामत ठेवायची, विमा दाखवायचा. मग एखाद्या शांत फाट्यावर मोजके डबे आणि एक इंजिन मिळतं. गाडी चालते ताशी दहा-पंधरा किलोमीटरनं. कॅमेरा रुळांच्या पातळीला खाली लावला की तीच गाडी अंगावर आल्यासारखी वाटते. नेहमीपेक्षा कमी फ्रेम टिपून नेहमीच्या गतीनं दाखवल्या की वेग आपोआप वाढतो. केस उडवायला पंखा, धुळीला मुलतानी माती. नटाच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोर डब्याच्या आतल्या कडीला. हा दोर नंतर संगणकावर पुसून टाकतात. पुसणाऱ्याला त्याचे वेगळे पैसे मिळतात. पडद्यावर जे स्वातंत्र्य दिसतं ते असं दोर पुसून केलेलं असतं. त्याला माझी हरकत नाही, आमचा पोटापाण्याचा धंदाच तो आहे. पण ज्या पोरासाठी हे चित्र बनवलं, त्याच्या कमरेला दोर नसतो.

आणि त्याच्या डोक्यावर तार असते. आमच्या लाइनीवर परवापरवापर्यंत डिझेल इंजिनं होती. गेल्या काही वर्षांत पुण्यापासून मिरज-कोल्हापूरपर्यंत विजेची तार आली. एक साधा हिशोब करून बघा. बंद वाघिणीची उंची रुळापासून पावणेचार मीटरच्या आसपास. तार साधारण साडेपाच मीटरवर. मधे राहिली पावणेदोन मीटर जागा, म्हणजे मध्यम उंचीच्या पोराएवढी. तारेत पंचवीस हजार व्होल्ट. घरातल्या विजेसारखं हिला हात लावावा लागत नाही, जवळ गेलं तरी ती उडी मारते. म्हणून रेल्वेची स्वतःची माणसंही वीज बंद केल्याशिवाय तिच्यापासून दोन मीटरच्या आत जात नाहीत. यार्डात उभ्या वाघिणीवर फोटोसाठी चढलेली मुलं भाजल्याच्या, गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यांतल्या बऱ्याच या पावणेदोन मीटरच्या आहेत. गाडी तर तेव्हा उभीच असते. चालू झाली तर आणखी एक गोष्ट होते. वाघिणींच्या जोडांत थोडी ढील असते. इंजिनानं ओढ दिली की एकेक जोड ताणत धक्का मागं येतो, खाड-खाड-खाड. पुढच्या वाघिणीतल्या माणसाला तो हलका लागतो, मागच्याला झोकांडी देतो. चुलते दर वेळी तो आवाज ऐकून आधी कठडा धरायचे आणि मग बोलणं पुढं चालू ठेवायचे.

बैठकीत यावर पहिला प्रश्न येतो तो सिनेमाचा. ‘शोले’ चालतो, मग आपणच का सोवळे? प्रश्न रास्त आहे. ‘शोले’तली ती मालगाडीची मारामारी इथंच पनवेलजवळ चित्रित झाली, आणि त्या एका प्रसंगाला कित्येक आठवडे लागले. ‘दिलवाले दुल्हनिया’तला धावत्या गाडीतून पुढं केलेला हात आपट्याच्या स्टेशनावरचा. ‘दिल से’मधलं टपावरचं गाणं निलगिरीच्या डोंगरगाडीवरचं. मला तिन्ही आवडतात, आणि कुणी त्यांवर कात्री चालवायला निघालं तर मी विरोधात उभा राहीन. पण सिनेमा तीन तासांचा असतो. जय गाडीवर चढतो आणि शेवटी मरतो. ‘दिल से’चा शेवट कसा होतो ते सांगायला नको. कथेला चढणाऱ्याचा दुसरा दिवस दाखवावा लागतो, न दाखवला तर प्रेक्षकच विचारतो. जाहिरातीला तीस सेकंद मिळतात, हल्ली सहाही. तिच्यात दुसरा दिवस नसतो, आणि असू नये असाच तिचा सगळा बेत असतो. पोरगा गाडीवर बसला, सॅकचं नाव आलं, संपलं. तो कुठं उतरला, उतरला का, हे विचारायला जागाच नाही. नेमकी हीच जागा कापण्याचे पैसे मी घेतो, म्हणून हे चित्र मला नको आहे.

दुसरं, जाहिरात आता तीस सेकंदांवर थांबत नाही. पूर्वी बघणारा घरी बसायचा, फार तर वस्तू घ्यायचा. आता फिल्म संपता संपता आम्हीच सांगतो, तुझी रील कर, आम्हाला टॅग कर, बक्षीस जिंक. म्हणजे त्याच चित्राची नक्कल करायचं आमंत्रण, आणि नक्कल करणाऱ्याला ना परवानगी, ना विमा, ना दहाच्या वेगानं चालणारं इंजिन. रुळांवर आणि गाड्यांवर जिवावरच्या रील करणाऱ्यांवर गुन्हे नोंदवा, असं रेल्वे बोर्डानं नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं. कायदा तर १९८९ पासून आहेच. टपावर, पायरीवर, इंजिनावर बसून प्रवास केला आणि सांगूनही उतरला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड. रेल्वेच्या हद्दीत घुसलं तर सहा महिने किंवा हजार रुपये. हे सगळं पोराला. आमंत्रण देणाऱ्याचं त्यात कुठंच नाव नाही.

आमच्यावर आमचीच एक संस्था लक्ष ठेवते, १९८५ मध्ये स्थापन झालेली जाहिरात मानक परिषद. सबळ कारणाशिवाय धोकादायक कृती दाखवू नये, असं तिची संहिता म्हणते. शिवाय मुलांना धोकादायक वागण्याची फूस देणाऱ्या जाहिरातींवर केंद्र सरकारच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही आहेत. पण ‘सबळ कारण’ शोधणं हे लिहिणाऱ्याच्या डाव्या हातचा मळ. तेही न जमलं तर खाली बारीक अक्षरांत ओळ येते, की हा स्टंट तज्ज्ञांनी केला आहे, अनुकरण करू नका. ही ओळ मी स्वतः कितीदा लिहिली असेल. सतरा वर्षांच्या पोराला ती शिफारशीसारखी वाटते. आता तर संगणक सांगितलं ते चित्र हलतं-बोलतं करून देतो. ना गाडी लागते, ना नट, ना रेल्वेची परवानगी. परवानगीच्या निमित्तानं निदान रेल्वेचा एक वैतागलेला साहेब पटकथा वाचून विचारायचा, ‘हा वर कशाला चढलाय?’ तो साहेब आता वाटेतून गेला.

एकदा एका तरुण सहकाऱ्यानं मला माझ्याच मुलखात पकडलं. म्हणाला, ‘सर, तुमच्या साताऱ्या-सांगलीवाल्यांनी तर अख्खी गाडी लुटली होती. तेव्हा नव्हता का रोमान्स?’ होता. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं पुण्याहून मिरजेला पगार घेऊन निघालेली गाडी अडवली. क्रांतिसिंह नाना पाटलांचं हे समांतर सरकार तेव्हा या पट्ट्यात भरात होतं. या कामात जी. डी. बापू लाड होते, कॅप्टन भाऊ होते, दोघेही कुंडलचे. धावत्या गाडीवर उडी वगैरे कुणी मारली नाही. रुळांवर दगड रचून गाडी थांबवली आणि ती उलटी पळू नये म्हणून मागंही दगड रचले. हातात मुख्यतः कोयते, विळे आणि लाठ्या. पैसा सरकारचा होता, तो चळवळीला आणि उपाशी माणसांना गेला. त्यावर पिक्चर काढा, पोवाडा म्हणा, मी पुढच्या रांगेत बसेन. पण त्या माणसांनी ओढवून घेतलेल्या धोक्याला हेतू होता आणि पकडले गेल्यावर काय होणार हे त्यांना पुरतं माहीत होतं. सॅक विकण्यासाठी धोका लागत असेल तर सॅकमध्येच काहीतरी कमी आहे.

गंमत अशी, की कुंडलच्याच शिवारात मराठी जाहिरातीचंही एक घराणं उभं राहिलं. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना काढला. लोखंडी नांगरानं जमिनीत विष पसरतं असा शेतकऱ्याचा समज होता, त्यामुळं पहिले नांगर बराच काळ पडून राहिले. पुढं शंकरराव किर्लोस्करांनी जाहिरातीचं खातं अंगावर घेतलं आणि १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. त्याचंच पुढं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. नांगर खपवायचा तर तो रानात चालवून दाखवायचा, ही त्या काळची रीत. वस्तू जे करते तेच दाखवायचं. मालगाडीशी त्या कारखान्याचं नातं रोजचं होतं: येताना लोखंड आणि कोळसा, जाताना नांगर आणि चरक.

आणि मालगाडीवर कुणाचा जीव जडावा असं या लाइनीला वाटायचंच असेल, तर २०१६ चा उन्हाळा आहे की. लातूरचे नळ कोरडे पडले, तेव्हा मिरजेहून कृष्णेचं पाणी रेल्वेच्या टाक्यांमधून गेलं. एप्रिलमध्ये पहिली खेप दहा वाघिणींची, पाच लाख लिटर, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. मग पन्नास वाघिणी आल्या, दर खेपेला पंचवीस लाख लिटर. ‘जलदूत’ नावाची ही गाडी पावसाळ्यापर्यंत जात-येत राहिली. माझ्या आईनं ‘आपलं पाणी चाललंय’ म्हणून फाटकावर उभं राहून तिला हात केला होता. मालगाडीला हात करणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

सॅकवाल्या कंपनीला मी शेवटी दुसरी गोष्ट दिली. मालगाडीचा गार्ड. २०२२ पासून त्याला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात, काम तेच. झेंडे, दिवा, फटाके, नियमांची पुस्तकं ठेवायला त्याच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या जड लोखंडी पेटी असायची, ती हमालाकरवी चढवायची. मग रेल्वेनं पेटीऐवजी चाकांची बॅग घ्या म्हटलं, त्यावर संघटनांनी बरीच भांडणं केली, पण तो वेगळा विषय. माझ्या फिल्ममध्ये एक बाई आहे, मिरजेहून ड्यूटीवर निघालेली, बॅग पाठीला, रात्रीचे दोन. वाठारला गाडी बाजूला घातलीय, पुढची एक्स्प्रेस जाईपर्यंत थांबायचंय. ती बॅगेतून दशमी-चटणी काढते. कंपनीच्या साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, ‘छान आहे, पण यात तो वारा कुठं आहे?’ गार्डच्या डब्याला धड खिडकी नसते, पंखा नसतो, बऱ्याचदा दिवाही नसतो, मी त्यांना सांगितलं, पुण्यापासून मिरजेपर्यंत नुसता वाराच असतो.