आजी, वन मोर!

‘तालीम’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. पहिलवान तालमीत घुमतो, नटमंडळी नाटकाची तालीम करतात, आणि मुळात अरबीत पाहावे तर या शब्दाचा अर्थ आहे शिक्षण! तिकडे ग्रीकांचे ‘जिम्नॅशियम’ म्हणजे उघड्या अंगाने कसरत करण्याची जागा. पण जर्मनीत आज हाच शब्द एका प्रकारच्या माध्यमिक शाळेसाठी वापरतात. म्हणजे विद्या आणि व्यायाम ही भावंडे एके काळी एकाच घरात नांदत होती. पुढे केव्हातरी त्यांच्यात वाटण्या झाल्या. विद्या बाकावर जाऊन बसली आणि व्यायाम मातीत उतरला. ही भावंडे पुन्हा एकत्र आलेली मी अलीकडे पाहिली, आणि तीही कोठे, तर आमच्या पुण्यातल्या घराजवळच्या जिममध्ये.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. वय पंचेचाळीस. डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेचा आकडा दाखवून भिववले, म्हणून तेथे नाव घातले. वजन किती उतरले, हे मात्र कृपा करून विचारू नका!

तेथला शिक्षक कोल्हापूरकडचा, लाल मातीत लोळून वाढलेला. शाळेत इंग्रजीने आपल्याला दोनदा चीतपट केले, हे तो हसत हसत सांगतो. पण सकाळी सहा वाजले, की त्याच्या तोंडून इंग्रजीचा पट्टा सुरू होतो. ‘बॅक स्ट्रेट’, ‘नीज बेंड’, ‘ब्रीद इन, ब्रीद आउट’, ‘होल्ड इट’! ज्याने जन्मभर जोर काढले तो आता ‘पुश-अप’ म्हणतो आणि बैठकांना ‘स्क्वॉट’. व्याकरण म्हणाल तर बेताचे. पण अर्थाविषयी शंका घेण्याची सोय नाही. शंका घेत बसलात, तर वीस किलोची लोखंडी दांडी तुमच्या छातीवर उतरलीच म्हणून समजा.

हे पाहताना मला माझा वर्ग आठवतो. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. तरी तालुक्याच्या गावाहून आलेली, चांगले गुण मिळवणारी मुलगी नोकरीच्या मुलाखतीला बसते आणि तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. शब्द तिला ठाऊक नसतात असे नाही. ते वहीत असतात, जिभेवर नसतात. ‘अप’, ‘डाऊन’, ‘इन’, ‘आउट’ ही इंग्रजीतली चिमुकली मंडळी तर भल्याभल्यांना रडवतात. क्रियापदाच्या मागे येऊन बसतात आणि अर्थच फिरवून टाकतात. जिममध्ये त्यांचे काही चालत नाही. ‘वॉर्म अप’ म्हटले की अंग तापते, ‘कूल डाऊन’ म्हटले की निवते, आणि गुडघे थरथरू लागले की शेजारचा ओरडतो, ‘डोंट गिव्ह अप!’ एकदा घाम गाळून शिकलेले अव्यय माणूस विसरत नाही.

शिवाय या शब्दांना आपापल्या कुळकथा आहेत. ‘मसल’ हा लॅटिनमधून आलेला शब्द. मूळ अर्थ छोटासा उंदीर! दंड वळवला की कातडीखाली काहीतरी पळते, ते रोमन माणसाला उंदरासारखे वाटले. आपल्या पूर्वजांना तेथे बेडूक दिसला, म्हणून आपण बेटकुळी म्हणतो. ज्या ‘ट्रेडमिल’वर आम्ही पैसे भरून धावतो, तिची आजी इंग्लंडच्या तुरुंगात होती. विल्यम क्युबिट नावाच्या अभियंत्याने १८१८ च्या सुमारास ती कैद्यांना कामाला जुंपण्यासाठी बनवली. आणि उसनवारी काही एकतर्फी नाही. आपले मुद्गल इंग्रजांनी उचलले, त्यांना ‘इंडियन क्लब’ म्हटले, आणि १९०४ व १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये तशाच मुद्गलांच्या हातांची स्पर्धाही झाली.

पण शब्दांचे खरे मोल मला कळले ते आमच्या जिममधल्या एका आजींमुळे. वय सत्तरीपलीकडे, गुडघ्यांसाठी येतात. त्यांचा नातू शिकागोत असतो. त्याला मराठी समजते, बोलता येत नाही. आजींचे इंग्रजी ‘हाऊ आर यू’पाशी संपायचे, मग फोन सुनेच्या हाती जायचा. एके दिवशी सतरंजीवर बसल्या बसल्या त्या सांगू लागल्या :

“अहो सर, परवा मी त्याला म्हटलं, ‘आय डिड टेन स्क्वॉट्स.’ तो ओरडलाच, ‘नो वे, आजी! शो मी!’ मग फोन डब्याला टेकवून ठेवला आणि दाखवल्या करून. तो मोजत होता. मग त्यानं सुरुवात केली. बाराव्याला धापा टाकायला लागला. मी म्हटलं, ‘कम ऑन! वन मोर!’ ”

हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. “अर्धा तास बोललो हो आम्ही,” त्या म्हणाल्या. “सून मध्ये आलीच नाही.”

दहा-वीस शब्द, तेही कसरतीचे! पण तेवढ्यांनी सात समुद्रांवरून एक पूल बांधला. मला वाटते, याचे रहस्य त्या जागेतच असावे. वर्गात चूक झाली की लाल शाई उमटते आणि मागच्या बाकावर कोणी फिदीफिदी हसते. जिममध्ये मोठ्या कंपनीतला अधिकारी एका जोराला तोंडावर आपटतो आणि त्याला कोणी हसत नाही, कारण पुढचा नंबर हसणाऱ्याचाच असतो. जेथे सगळेच धडपडतात तेथे लाज कोणाला वाटणार? आणि लाज गेली, की जीभ सुटते.

परवा शिक्षकाने मला विचारले, “सर, व्यायामानं दुसऱ्या दिवशी अंग दुखतं, त्याला ‘सोअर’ म्हणतात. आपल्यात काय म्हणायचं?”

“अंग आंबणं,” मी म्हणालो.

“हां! आमची आई म्हणायची की!” त्याचा चेहरा उजळला.

आता तो रोज सकाळी इंग्रजी शाळांत शिकलेल्या संगणकवाल्या पोरांना दरडावून विचारतो, “काय, अंग आंबलं का?” आणि ती पोरे कण्हत कण्हत, पण बिनचूक मराठीत उत्तर देतात, “आंबलं!”