कोरी स्लाइड

आयएचसीचा, म्हणजे अँटिबॉडीनं रंगवलेल्या स्लाइडचा, ट्रे टेबलावर आला की मी गाठ आधी बघत नाही. आधी कडेला बीजवाहिनीचा एखादा तुकडा सापडतो का ते बघते. निरोगी बीजवाहिनीच्या अस्तरात इस्ट्रोजेनचे रिसेप्टर असतातच. तिथली केंद्रकं तपकिरी झाली असतील, तरच त्या स्लाइडवर माझा विश्वास बसतो.

ही सवय एका चुकीनं लावली. अंडाशयाची गाठ होती, नारळाएवढी. न चिरता तशीच बरणीत टाकलेली. फॉर्मलिन गाठीत तासाला जेमतेम मिलिमीटरभर शिरतं. मधला भाग त्याची वाट बघत कुजत राहतो. ब्लॉक नेमका मधल्या भागाचा निघाला. ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर), पीआर (प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर), दोन्ही स्लाइड निळ्याशार; तपकिरी ठिपका म्हणून नाही. मी ‘निगेटिव्ह’ लिहून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी ऑन्कॉलॉजिस्टचा फोन. “मॅडम, लो-ग्रेड सीरस आहे, आणि ईआर निगेटिव्ह?” त्यांची शंका रास्त होती. या प्रकारात ईआर बहुधा भरभरून असतो. केमोला ही गाठ फारशी दाद देत नाही, म्हणून लेट्रोझोलसारख्या इस्ट्रोजेन घटवणाऱ्या गोळ्यांचा विचार होतो. क्लिअर सेल किंवा म्युसिनस असती तर निगेटिव्हचं कुणालाच नवल वाटलं नसतं.

स्लाइड पुन्हा काढली. कडेला गाठीत रुतलेल्या बीजवाहिनीची बारीक पट्टी होती. तीही कोरी! काल ती मला दिसली होती, मी तिला काही विचारलं नव्हतं. मग याच गाठीच्या ओमेंटमवर पसरलेल्या भागाचा ब्लॉक मागवला. तो तुकडा पातळ, फॉर्मलिन पार आत गेलेलं. चार मायक्रॉनचा छेद, प्रेशर कुकरमध्ये उकळी, अँटिबॉडी, शेवटी डीएबी हा तपकिरी रंग. मायक्रोस्कोपखाली धरला आणि केंद्रकामागून केंद्रक उमटत गेलं, ताज्या कातासारखं. रिपोर्ट त्याच दिवशी बदलला, कारणासकट.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये १ टक्का केंद्रकं रंगली तरी ईआर पॉझिटिव्ह. नियम पक्का आहे. अंडाशयात तसा सर्वांनी मानलेला आकडा नाही. म्हणून मी नुसतं ‘पॉझिटिव्ह’ लिहीत नाही. किती टक्के आणि रंग किती गडद, दोन्ही लिहिते. २०१३ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त २,९३३ स्त्रियांच्या गाठींचा अभ्यास आला. एंडोमेट्रिऑइड प्रकारात ईआर किंवा पीआर असणाऱ्या स्त्रिया जास्त जगल्या. हाय-ग्रेड सीरसमध्ये मात्र तसा फरक दिसला तो पीआर ठळक असेल तेव्हाच. म्हणजे प्रकार ठरल्याशिवाय त्या तपकिरी रंगाला अर्थ नाही. हे मी शिकाऊ डॉक्टरांना इतक्यांदा सांगते, की त्यांना ते पाठ झालंय.

आता मोठी गाठ आली की मी स्वतः ग्रॉसिंगच्या खोलीत जाते. टेक्निशियन दादा सुरी घेऊन उभेच असतात. “मॅडम, सेंटिमीटरभराचे काप केलेत, मधे कापडही घातलंय,” ते सांगतात. तरी मी बरणीचं झाकण उघडून बघते.