छडी आणि चाबूक

गेल्या चैत्रांत पारनेर तालुक्यांतील एका गांवाहून यात्रेचें बोलावणें आलें. बोलावणारा माझा चाळीस वर्षांपूर्वींचा विद्यार्थी. आज तो गाडामालक आहे. शाळा चुकवून बैलगाड्यांची शर्यत पाहावयास गेल्याबद्दल मीं त्याला एकदां छडीनें बेदम मारलें होतें, आणि वर मुक्या प्राण्यांवरील दयेचा उपदेशहि केला होता. जावें कीं न जावें, असें मला झालें. अखेर नातवाच्या हट्टापुढें माझें कांहीं चाललें नाहीं.

आमच्याकडील ही शर्यत सर्वच वाचकांनीं पाहिलेली नसेल. चढणीच्या धांवपट्टीस 'घाट' म्हणतात. गाड्यास बैलांच्या दोन जोड्या, आणि त्यांच्याहि पुढें स्वार घेऊन धांवणारी एक घोडी. एका वेळीं एकच गाडा पळतो. त्याची स्पर्धा सेकंद मोजणाऱ्या घड्याळाशीं. या पळण्यास 'बारी' म्हणतात. ध्वनिक्षेपकावर 'भिर्रर्र' अशी आरोळी उठते, आणि ती विरते न विरते तोंच बारी संपलेली असते.

ती घोडी पाहून मला इंग्लंडांत लिव्हरपूलजवळ होणाऱ्या ग्रँड नॅशनल शर्यतीचें स्मरण झालें. चार मैलांहून अधिक अंतर आणि वाटेंत कुंपणांवरून, चरांवरून ३० उड्या! १८३९ सालीं कॅप्टन बेचर नांवाचा स्वार तेथील ओढ्यांत पडला, आणि ओढ्यास त्याचेंच नांव कायमचें मिळालें. १९८९ सालीं त्याच ठिकाणीं दोन घोडे दगावले, तेव्हां मोठी ओरड होऊन ती जागा कमी धोक्याची करण्यांत आली. २०२४ पासून धांवणाऱ्या घोड्यांची संख्या ४० वरून ३४ वर आणली आहे. उड्यांच्या शर्यतींत चाबकाच्या वापरासहि सात वेळांची मर्यादा आहे. म्हणजे तेथें शर्यत चालू ठेवून तिला हळूहळू शिस्त लावण्यांत आली.

आमच्याकडे आधीं बंदी आली. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें बैलांच्या शर्यती बंद केल्या. २०१७ सालीं राज्यानें कायद्यांत दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजीं शर्यतींस पुन्हां परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या घटनापीठानें ती दुरुस्ती वैध ठरविली. आतां जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, धांव १००० मीटरांहून अधिक असूं नये असें बंधन आहे, आणि काठी-चाबूक वापरण्यास मनाई आहे.

बारी संपल्यावर माझा विद्यार्थी बैलाच्या मानेवरून हात फिरवीत उभा होता. जवळ जाऊन मीं विचारलें, "अरे, पळायचें आहे कीं नाहीं, हें या बैलाला कोणी विचारलें?"

त्यानें वाकून नमस्कार केला आणि हंसून म्हटलें, "गुरुजी, छडी खायची आहे का, हें मला तरी कोणी विचारलं होतं?"

त्याच्या मनांत राग नव्हता; मला मात्र उत्तर सुचलें नाहीं. शाळेंत मुलांस शारीरिक शिक्षा करण्यास मनाई करणारा कायदा १ एप्रिल २०१० रोजीं अमलांत आला. तोंवर माझी छडी टेबलावर होती. भूतदयेचीं सुभाषितें मुखोद्गत असूनहि ती मीं आपण होऊन खालीं ठेवली नाहीं. कायद्यानें ती काढून घेतली. गाडामालकांचा चाबूकहि कायद्यानेंच काढून घेतला आहे. मग मीं त्यांस कोणत्या तोंडानें उपदेश करावा? बैलास पळविणें योग्य कीं अयोग्य, हा प्रश्न माझ्या मनांत अद्यापि शिल्लक आहे. परंतु तो विचारण्यापूर्वीं स्वतःचा हात तपासावा, एवढें मला त्या दिवशीं उमगलें.

परततांना एस्. टी. मध्यें नातवानें हळूच विचारलें, "आजोबा, तुम्ही त्यांना खरंच मारलं होतं?"

"होय," मी म्हणालों, "आणि तें चुकलें होतें." आजवर ही कबुली मीं कोणापाशींहि दिली नव्हती.