लाखेचे वजन

लोणावळ्याच्या घरातून आईची बोरमाळ चोरीस गेली आणि विम्याच्या दाव्यासाठी मूल्यांककाचा जुना दाखला शोधावा लागला. ढोबळ वजन 22 ग्रॅम. लाख वजा जाता निव्वळ सोने 13. बोरमाळेचे मणी पोकळ, आत लाख भरलेली. विमा झालेले नुकसान भरून देतो, त्यावर नफा देत नाही. तेव्हा ही वजाबाकी रास्तच. (‘निव्वळ’ हा शब्द मात्र मला खटकत राहिला.) वडगाव मावळच्या सोनाराने तोळा-गुंजेच्या काळात घडवलेल्या माळेला पावती कुठली? 2023 पासून विक्रीस सक्तीचा झालेला सहा अक्षरी हॉलमार्क क्रमांक तर दूरच. सारी भिस्त त्या दाखल्यावर. त्यात एक शेरा आहे : ‘एक मणी चेपलेला.’ ते माझ्या धाकट्या बहिणीचे दुधाचे दात. त्यापोटी मूल्यांककाने काहीही कापलेले नाही.